केसली याडीची मिसरी

केसली याडी माणसाचा चेहरा नंतर पाहायची, आधी त्याच्या हिरड्या. समोरचा बोलायला लागला की तिची नजर त्याच्या डोळ्यांवर नसायची; जराशी खाली, ओठांच्या आत काहीतरी शोधत असायची. नव्या माणसाला वाटे, म्हातारी आपलं बोलणं किती मन लावून ऐकते आहे! ती ऐकतबिकत काही नसे.

दारव्ह्याच्या अलीकडे एका तांड्यावरच्या शाळेत मी बदलून गेले, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आमचं घर यवतमाळातलं, तीन पिढ्या कचेरीत खर्डेघाशी करणारं. बंजाऱ्यांचा तांडा मी तोवर फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक; त्याच्या घराशेजारी एक खोली मिळाली आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन हापशीवर उभी राहिले. खळखळून चूळ थुंकली, ती नेहमीसारखी लाल. इतकी सवयीची झाली होती की मी तिच्याकडे पाहतही नसे. मागून आवाज आला,

“कोनाचा खून करून आली व मास्तरीणबाई?”

वळून पाहते तर काखेत घागर, हातभर पांढरे चुडे, सत्तरीच्या आसपासची एक उंच बाई. हसली, तर सगळे दात जागच्या जागी. हीच केसली याडी. याडी म्हणजे आई; पण ती तांड्यातल्या तरण्याताठ्या माणसांचीही याडी होती आणि तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या नायकाचीही.

तिनं माझा ब्रश हातात घेतला, अंगठ्यानं त्याचे केस दाबून पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

“दात घासून राह्यली का गंज घासून राह्यली? आ कर.”

मी बी.एड. झालेली बाई, चार बायांसमोर हापशीवर आ करून उभी राहिले. तिनं हात धुतले, बोट मिठाच्या पाण्यात बुडवलं आणि माझ्या हिरड्यांवरून असं फिरवलं, की त्या बोटाला डोळा आहे असं मला वाटलं. मग फर्मान सुटलं. हा ब्रश चुलीत. मऊ आण. जेवण झालं की दर वेळी चूळ, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ. पेरूची कोवळी पानं उकळून, त्या पाण्यानं सकाळ-संध्याकाळ गुळण्या. धुतलेल्या बोटानं हिरडी रोज चोळायची, हळू, आणि नेहमी हिरडीकडून दाताकडे. उलटं कधी नाही. शेवटी म्हणाली, “अन् दातावर खर बसली तुह्या. ते माह्या काडीनं निघत नाही. त्याले डाक्टरचीच कानस लागते. दारव्ह्याले जाय.”

ही शेवटची गोष्ट मला त्या दिवशी तेवढी कळली नाही. झाडपाल्यावाले लोक मी पाहिले होते; आपल्या मुळीनं काय काय बरं होतं याची यादी त्यांच्या तोंडून संपत नाही. याडी मात्र आधी सांगायची ते आपल्याला काय येत नाही. एवढं शहाणपण मी शिकलेल्या माणसांतही फार थोड्यांत पाहिलं आहे.

तिच्या वेळेचं माप होतं बाजार. दारव्ह्याचा आठवडी बाजार. हिरडी सुजली, रक्त आलं, तोंड आलं, काहीही असो, ती दोन बाजार वाट पाहायची. “दोन बाजारात नाही भरलं, तं ते माह्या झाडाचं काम नाही.” मग ती स्वतः त्या माणसाला जीपमध्ये बसवून द्यायची. कुणी कां-कू केलं तर त्याच्या घरासमोर फतकल मारून बसायची. माझं रक्त दुसऱ्या बाजाराच्या आधीच थांबलं. डॉक्टरांनी दातांवरची दगडासारखी घट्ट खर काढली ती वेगळी. तेव्हापासून मी तिची भक्त झाले, हे कबूल करते.

सकाळी ती बाभळीची काडी तोडायला निघे तेव्हा मी कधीकधी मागे जाई. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब. एका फांदीची काडी घेतली की त्या फांदीला पुन्हा महिनाभर हात नाही. “तिलेई हिरडी असते,” म्हणायची. काडीचं टोक चावून चावून इतकं मऊ करायची, की तान्ह्या मुलाच्या गालावरून फिरवावं. ज्याला बाभूळ तुरट लागे त्याला कडुलिंब, ज्याला कडू सोसवेना त्याला करंज. शाळेतल्या पोरांना तिनं मला विचारल्यावाचूनच रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला आपापली काडी दिली. दुसऱ्याची तोंडात घातली तर पाठीत धपाटा. त्या वर्षी तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “या शाळेची मुलं हसतात फार छान.” मी श्रेय घेऊन टाकलं. नंतर याडीला सांगितलं, तर ती साहेबांच्याच हिरड्या कशा होत्या ते विचारू लागली.

तिच्या नातीला पाहायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट तर अजून त्या भागात सांगतात. मुलगा देखणा, शिकलेला, शेती बरी. चहा झाला. याडी उठली, मुलाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बापू, तीन बोटं उभी घाल तोंडात.” पोरानं बोटं घातली. दोनच मावली. जबडा पुढं उघडेचना. याडी पाहुण्यांकडे वळली. “खर्रा खाते पोरगा. गाल आतून लाकूड झाले त्याचे.”

मुलाचा बाप उसळला. ही काय पाहण्याची रीत झाली? याडी शांतपणे म्हणाली, “बैल घेतो तं दात पायतो. जवाई घेतो तं काहून नाही पाहाव?”

पाहुणे चहाचे कप तसेच टाकून निघून गेले. पण मुलगा निराळ्या मातीचा निघाला. त्यानं तंबाखू-सुपारीचा तो खर्रा टाकला, डॉक्टरकडे गेला, तोंड उघडायचा व्यायाम शिकून रोज करू लागला आणि दिवाळीनंतर एकटाच आला. ओसरीत उभं राहून त्यानं बोटं घातली. अडीच. याडीनं खाली वाकून, डोकं इकडून तिकडून करून पाहिलं आणि निकाल दिला, “अर्धं माफ.” लग्नात तो जेवणाच्या पंगतीत प्रत्येक घासाला तिच्याकडे पाहून तोंड मोठं उघडत होता.

इतकं हसत-खेळत चालायचं सगळं. म्हणून तांड्याच्या मधल्या भिंतीपाशी मात्र याडी कधी बसत नाही, हे मला बरेच दिवस उमगलं नाही. समाजमंदिराची ती भिंत सकाळी उन्हात यायची आणि बाया तिथं पाठ टेकून बसायच्या. प्रत्येकीच्या तळहातावर काळी पूड, बोट तोंडात. मिसरी. तंबाखू तव्यावर करपवायची, कुटायची आणि दाता-हिरड्यांवर चोळत बसायचं. अर्धा तास, कधी तास. घरातलं, शेतातलं, सासूचं, नवऱ्याचं सगळं तिथं निघायचं. दात दुखला तर मिसरी, हिरडी ठणकली तर मिसरी, सकाळी पोट साफ होईना तरी मिसरीच.

त्या मिसरीची गोष्ट मला याडीनंच सांगितली. दुपारची वेळ होती, ती वाल सोलत होती. सांगताना तिचे हात थांबले नाहीत.

तांड्याची मिसरी वर्षानुवर्षं तीच भाजायची. तिच्या हाताची पूड अशी, की माहेरवाशिणी परत जाताना पदराला बांधून न्यायच्या. तिची धाकटी जाऊ होती रुपली. जाऊ कसली, लेकच. रुपलीच्या खालच्या हिरडीला जखम झाली. दुखायची म्हणून ती मिसरी लावायची. लावली की बधिर व्हायचं, बरं वाटायचं. मग पुन्हा दुखायचं. ती म्हणायची, “बाई, जरा कडक भाज.” आणि याडी कडक भाजायची. जास्त तंबाखू घालून, जास्त करपवून, फक्त रुपलीसाठी वेगळी डबी. दारव्ह्याच्या डॉक्टरनं पाहिलं तोवर जखम हाडात उतरली होती.

“तिले मी औषध म्हनून देत गेली,” याडी म्हणाली. “अन् तेच तिले खात गेलं. मी माह्या हातानं देल्लं, मास्तरीणबाई.”

 

रुपली गेली तेव्हा तिची मुलगी जमना दहावीत होती. तिला याडीनं वाढवलं, तांड्यातच चार घरं सोडून लग्न करून दिली. रुपलीच्या तेराव्याला याडीनं तवा पालथा घातला आणि सगळ्या बायांना हात जोडून सांगितलं, सोडा ही. बायांनी मान हलवली, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानातून पुड्या आणायला लागल्या. रुपलीचं नशीब, म्हणाल्या. आणि त्या भिंतीपाशी, आईच्या जागेवर, जमना बसू लागली.

मी तांड्यावर आल्याच्या दुसऱ्या वर्षी जमना एकदा कशावरून तरी खळखळून हसली आणि याडीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पोरीचा खालचा ओठ तिथल्या तिथं ओढून पाहिला. हिरडीवर, जिथं मिसरीची चिमूट ठेवायची सवय होती तिथं, नखाएवढा पांढरा चट्टा. याडीनं दोन बाजार वाट पाहिली नाही. त्याच दिवशी आम्ही तिघी जीपमध्ये. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. वाईट काही निघालं नाही. “अजून नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण मशेरी सुटली नाही तर मी पुढचं सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं.”

जमनानं शपथ घेतली. आठ दिवस पाळली. डोकं दुखायचं, पोरांवर हात उठायचा, सकाळी घरात एकटीनं करमायचं नाही. नवव्या दिवशी ती भिंतीपाशी होती.

आणि पंधरा दिवसांनी केसली याडीनं तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

तांड्यात आनंदीआनंद. याडीची मिसरी परत आली! दुकानातल्या पुड्या बंद झाल्या. याडी रोज सकाळी डबा घेऊन भिंतीपाशी जायची आणि एकेकीच्या तळहातावर चिमूट ठेवायची, जमनाच्याही. मी संतापले. इतकी संतापले की तिच्याशी बोलणंच टाकलं. एका रविवारी मात्र राहवेना, भांडायलाच तिच्या घरी गेले. ती मागच्या अंगणात होती. एक नाही, दोन चुली. एकीवर तंबाखू, थोडीशी. दुसरीवर बाभळीच्या शेंगा आणि हरड्याची टरफलं जळून कोळसा होत होती. शेजारी सुपात ओवा, लवंग आणि अक्कलकाऱ्याची पिवळी बोंडं वाळत घातलेली. ते बोंड चावून पाहिलं आहे का कधी? जीभ अशी झिणझिणते, की पाच मिनिटं आपलं नाव धड सांगता येत नाही.

मला पाहून तिनं ना काही लपवलं, ना काही झाकलं.

“दर भाजणीले एक मूठ तंबाखू कमी,” ती म्हणाली. “एक मूठ हे जास्ती. रंग तोच. झिणझिण अक्कलकारा देते. त्याहिले कळत नाही.”

“पण याडी, ही फसवणूक आहे.”

तिनं उलथणं खाली ठेवलं. “रुपलीले मी खरी देल्ली होती. एकदम खरी.”

मी खाली बसले आणि पूड चाळायला घेतली. जुन्या धोतराच्या कापडातून तीनदा चाळायची. चिमूट दोन नखांत धरून पाहायची. कच लागली तर सगळा घाणा उकिरड्यावर, कारण खरखरीत पूड हिरडी सोलते. त्यापलीकडे माझा त्यात काही हात नाही. बाकीचं जे केलं ते त्या अंगठाबहाद्दर बाईनं केलं आणि आजही मी ते आठवते तेव्हा थक्क होते. बायांना तंबाखू हवी होती हे खरंच. पण त्याहून जास्त हवी होती ती भिंत, ते ऊन, बोट तोंडात घालून कुणी न उठवता बसायचा तो अर्धा तास. सोडा म्हणणाऱ्या सगळ्यांनी तोच हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला होता. याडीनं तो तसाच ठेवला आणि खालून विष काढून घेतलं.

सोपं गेलं असं नाही. त्या पावसाळ्यात तांड्यात जेवढी भांडणं झाली तेवढी मी पुढे कधी पाहिली नाहीत. कोंबडी कुणाच्या अंगणात गेली एवढ्यावरून दोन घरं महिनाभर बोलेनात. कुणाचं डोकं चढे, कुणाला झोप नाही. कित्येकींची पोटं साफ होईनात, तर याडी दिवेलागणीला घरोघरी हरड्याची पूड वाटत फिरायची. “हवा बदलली,” एवढंच सांगायची. नायकानं तर गावदेवीला नारळ फोडला. याडीनं प्रसादाचं खोबरं मजेत खाल्लं आणि पुढच्या भाजणीला आणखी एक मूठ कमी केली. हिवाळा लागेतो डब्यात तंबाखूचा कणही उरला नव्हता. भांडणंही आपोआप निवली.

असंच चालत राहिलं असतं. पण एका लग्नाला ढाणकीकडची एक पाहुणी आली. सकाळी भिंतीपाशी बसली, याडीच्या प्रसिद्ध मिसरीची चिमूट घेतली, दातांना लावली आणि पिचकन थुंकली.

“हे काय मिसरी व्हय? हे तं कोयसा हाय! तंबाखू कुठी गेली यातली?”

बाया हसल्या. मग एकीनं तळहाताचा वास घेतला. मग दुसरीनं. सगळ्यांचे डोळे याडीकडे वळले. ती नाही म्हणू शकली असती; घाणा बिघडला म्हणाली असती तरी चाललं असतं. मी मनातल्या मनात देवाला सांगत होते की हिला तेवढं खोटं बोलू दे.

“सहा महिन्यांपासून नाही यात तंबाखू,” याडी म्हणाली. “कोन मेली सांगा?”

मग जमना उठली. तिच्या ओठांच्या कडा काळ्या होत्या.

“माह्या मायच्या नावानं तू रोज मले राख चारली, काकी? मी का लहान पोर होती? मले सांगता नाही आलं?”

“सांगतलं होतं,” याडी म्हणाली. “आठ दिवस ऐकलं तू.”

जमनानं तळहातावरची पूड झटकली आणि निघून गेली. तिच्यामागे एकेक बाई उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी केसली याडी एकटी बसली होती. तिसऱ्याही दिवशी. डबा पुढ्यात, बोट तोंडात, पाठ ताठ. एरवी जिच्या अंगणातून माणूस हलायचं नाही तिच्याकडे आता कुणी काडी मागायलाही येईना. मी शेजारी जाऊन बसले तर म्हणाली, “तू नको बसू. तुले इथं नोकरी करा लागते.”

बाया दुकानात गेल्या. पुड्या आणल्या. आणि मग जे झालं त्याचा अंदाज मलाही नव्हता. याडीला होता की नाही, तिनं कधी सांगितलं नाही. सहा महिने तंबाखूविना राहिलेल्या त्या अंगांना ती खरी मिसरी झेपेचना. एकीला भोवळ आली. एक हापशीवर ओकली. जमना दिवसभर पडून होती, असं कानावर आलं. आठवड्याभरात दोघीतिघी गुपचूप परत भिंतीपाशी आल्या आणि काही न बोलता तळहात पुढे केले. याडीनंही काही न बोलता चिमटी ठेवल्या. मग आणखी आल्या. पूर्वीइतक्या सगळ्या नाही आल्या, हे खरं सांगायला हवं. जमना तर आलीच नाही. रस्त्यात याडी दिसली की ती वाट बदलायची आणि घरी ती काय लावते, लावते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. याडीला जेवण जात नव्हतं. एवढी खंबीर बाई, पण जमनाच्या दाराकडे पाहताना तिची मान जराशी खाली जायची. ते पाहवत नसे.

तेवढ्यात माझ्या बदलीची ऑर्डर आली, कळंबची. त्याच आठवड्यात जमनाची डॉक्टरांकडची तारीख होती; त्याच दिवशी सामान घेऊन दारव्ह्याहूनच कळंबची गाडी धरायची, असं मी ठरवलं. जमनानं मला सोबत यायला सांगितलं आणि काकीला सांगू नका म्हणून बजावलं. सकाळी जीप आली, तर पुढच्या सीटवर याडी आधीच बसलेली. दोघी दारव्ह्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दवाखान्यात जमना मला घेऊन आत गेली. याडी बाहेर पायरीवर बसली.

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. गालाच्या आत आरसा फिरवला. जुनी नोंद काढून तिच्याशी ताडून पाहिलं. मी खुर्चीची कड घट्ट धरली होती.

“चट्टा जवळजवळ गेला आहे,” ते म्हणाले. “हिरडी चांगली गुलाबी आहे. तपासणीला येत राहा. पण शाब्बास. मशेरी कधी सोडली?”

जमनानं पदरानं ओठ पुसले.

“मी नाही सोडली,” ती म्हणाली. “माह्या काकीनं सोडवली.”

बाहेर आलो तर जीप भरत आली होती. जमना मागे न बघता सरळ याडीपुढे जाऊन उभी राहिली, थोडी वाकली आणि खालचा ओठ बोटानं ओढून तिनं तोंड उघडलं. भर चौकात. याडी उठली. जमनाची हनुवटी तिनं दोन्ही हातांत धरली आणि पाहायला लागली. पाहतच राहिली. 

“दिसलं का?” जमनानं तशाच उघड्या तोंडानं विचारलं.

“काही दिसत नाही मले,” याडी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

माझी कळंबची गाडी लागली होती. मी चढून खिडकीपाशी बसले. जीपवाल्यानं हॉर्न दिला, “चला ना बाई, माणसं खोळंबली!” म्हणून ओरडला, पुन्हा हॉर्न दिला. जमनानं तोंड मिटलं नाही.